नारळ खाली, पॉवरबँक वर

परदेशी निघालेल्या मुलाची बॅग भरणं हा मराठी घरात अजूनही दोन-तीन दिवसांचा कार्यक्रम असतो. पलंगावर उघडी बॅग, शेजारी आकड्याचा वजनकाटा आणि आत काय जाणार यावर घरभर चर्चा. गोडा मसाला, लसणाची चटणी, भाजणी, मेतकूट, तिकडच्या गणपतीसाठी कापूर आणि आईनं शेवटच्या क्षणी कपड्यांच्या घडीत सरकवलेल्या खोबऱ्याच्या दोन वाट्या. काट्यानं तेवीस किलोच्या आतला आकडा दाखवला की सगळे निर्धास्त. मग विमानतळावर बॅग पट्ट्यावरून आत जाते, इमिग्रेशन पार पडतं आणि मुलगा गेटपाशी टेकतो न टेकतो तोच त्याच्या नावाचा पुकारा होतो. बॅगेत काहीतरी सापडलंय, उघडून दाखवा.

ते काहीतरी म्हणजे खोबरं.

ऐकणाऱ्याला हे हास्यास्पद वाटतं, पण त्यामागे शास्त्र आहे. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत सुक्या खोबऱ्याला स्वतःचा क्रमांक आहे: यूएन १३६३, वर्ग ४.२, म्हणजे आपोआप पेट घेऊ शकणारा पदार्थ. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून अधिक तेल असतं. दमट खोबऱ्याचा ढीग कोंदट जागी पडून राहिला तर तो आतून तापत जातो. जहाजांच्या पोटात टनावारी खोबरं वाहणाऱ्यांना हा अनुभव जुना आहे. कापराचंही तसंच. तो यूएन २७१७, ज्वलनशील घन. पूजेच्या पुडीत वीस वड्या असोत की गोदामात वीस पोती, एक्स-रेपुढे बसलेल्या माणसाच्या लेखी दोन्ही एकच. नियम टनांच्या हिशेबानं लिहिला गेला आणि लागू झाला आईच्या वाट्यांना.

आता ओला नारळ घ्या. तो भारतात हातातल्या बॅगेत नेता येत नाही, पण चेक-इनमध्ये जातो. म्हणजे सुकं खोबरं खाली चालत नाही आणि ओला नारळ वर चालत नाही. शबरीमलाला जाणाऱ्या भक्तांच्या डोक्यावरच्या इरुमुडीत तुपानं भरलेला नारळ असतो आणि ती गाठोडी दुसऱ्याच्या हाती सोपवून सामानात टाकणं त्यांना पटत नाही. म्हणून नागरी विमान सुरक्षा ब्युरोनं, म्हणजे बीसीएएसनं, २०२२ च्या हंगामात आणि पुन्हा २०२४ मध्ये खास सवलत दिली. एक्स-रे, स्फोटकांच्या अंशांची चाचणी आणि हातानं तपासणी झाल्यावर नारळ केबिनमध्ये नेता येईल, पण शबरीमलाच्या मकरविलक्कू उत्सवानंतर २० जानेवारीपर्यंतच. २१ जानेवारीला तोच नारळ पुन्हा निषिद्ध. नारळात त्या रात्री काय बदलतं, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. सवलत श्रद्धेसाठी होती, ती योग्यच होती, पण तिनं एक गोष्ट उघड केली. नीट तपासलेला नारळ केबिनमध्ये निर्धोक असतो, हे नियम करणाऱ्यांनाही मान्य आहे.

प्रवाशांच्या त्राग्याचं मूळ इथेच आहे. नियम कडक असल्याचं दुःख फारसं कुणाला नसतं. आकाशात दहा किलोमीटर उंचीवर आपल्यासोबत आणखी दोनशे माणसं असतात, हे सगळ्यांना कळतं. त्रास होतो तो अंदाज न येण्याचा. काल चाललेली वस्तू आज चालत नाही, जाताना चाललेली येताना चालत नाही, एका कंपनीला चाललेली दुसरीला चालत नाही. आणि कारण विचारलं की उत्तर एकच: ‘अलाउड नहीं है.’

हे असं का होतं, याचं उत्तर बंदीच्या यादीतच आहे. ती एक यादी दिसते, पण तिच्यामागे दोन वेगळ्या भीती आहेत. पहिली भीती माणसाची: कुणीतरी विमान पळवील, कुणाला भोसकील, स्फोट घडवील. दुसरी भीती वस्तूची: कुणाच्या मनात काही नसतानाही एखादी चीज आपणहून पेटेल. पहिल्या भीतीचा आदेश असतो की वस्तू प्रवाशाच्या हाताला लागता कामा नये, खाली टाका. दुसरीचा आदेश बरोबर उलटा असतो: वस्तू माणसांच्या नजरेसमोर हवी, वर ठेवा. म्हणून स्वयंपाकाची सुरी खाली जाते आणि पॉवरबँक वर येतो. काउंटरवर कुणी हे दोन वाक्यांत समजावून सांगितलं तरी निम्मा त्रागा मिटेल. पण रांगेत तेवढा वेळ नसतो आणि फलकावर तेवढी जागा नसते.

या दोन भीतींची टक्कर जगानं एकदा डोळ्यांनी पाहिली. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेनं पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या दहा विमानतळांवरून येणाऱ्या विमानांत फोनपेक्षा मोठं कुठलंही उपकरण केबिनमध्ये आणायला बंदी घातली. लॅपटॉप, टॅब्लेट, कॅमेरे सगळं खाली. त्या दहांत दुबई, अबूधाबी आणि दोहा होते. मुंबईहून आखातात विमान बदलून अमेरिकेला जाणाऱ्या हजारो मराठी आयटीवाल्यांना कंपनीचा लॅपटॉप चेक-इन करावा लागणार होता. त्याच दिवशी ब्रिटननंही तशीच बंदी जाहीर केली, पण देश वेगळे निवडले. ब्रिटनच्या यादीत अमिराती आणि कतार नव्हतेच. म्हणजे दुबईहून न्यूयॉर्कला जाणारा लॅपटॉप संशयित आणि दुबईहून लंडनला जाणारा निर्दोष. शिवाय विमानांच्या आगींचा अभ्यास करणारे कळवळून सांगत होते की शेकडो लिथियम बॅटऱ्या एकत्र खाली कोंबू नका. त्याच वर्षी जुलैपर्यंत अमेरिकेची बंदी एकेक विमानतळ करत उठली. जादा तपासणीवर भागलं.

यादीतली बाकीची कलमं म्हणजे घटनांचा गाळ आहे. प्रत्येक घटनेनंतर एक थर बसतो आणि तो सहसा उपसला जात नाही. डिसेंबर २००१ मध्ये पॅरिस-मायामी विमानात एकानं बुटात दडवलेली स्फोटकं पेटवायचा प्रयत्न केला आणि पुढे अमेरिकेत बूट काढायची सक्ती आली. ती जुलै २०२५ मध्ये उठली. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रवस्फोटकं नेण्याचा कट उघड झाला आणि जगभर शंभर मिलिलिटरचा नियम आला. भारतातही तेच. १९७६ च्या विमान अपहरणानंतर बीसीएएसचा पाया घातला गेला, १९८५ मध्ये ‘कनिष्क’ विमानात झालेल्या स्फोटानंतर हा ब्युरो स्वतंत्र विभाग झाला, आणि कंदाहार विमान अपहरणानंतर २००० पासून विमानतळांवर पोलिसांच्या जागी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, म्हणजे सीआयएसएफचे, जवान दिसू लागले.

शंभर मिलिलिटरच्या नियमाची आजची अवस्था तर गमतीशीर आहे. भारतातल्या भारतात उडताना पाण्याची बाटली तपासणीतून सहज पार होते, पण तीच बाटली घेऊन शारजाच्या विमानाला गेलात तर ओतून द्यावी लागते. युरोपात नवी सीटी स्कॅनर यंत्रं बसली. ती बॅगेचं त्रिमितीय चित्र दाखवतात, त्यामुळे द्रव बाहेर काढायची गरज उरत नाही. ब्रिटननं जून २०२४ ही अंतिम मुदत दिली. ज्या लहान विमानतळांनी धावपळ करून यंत्रं बसवली, त्यांनी दोन लिटरची मुभा दिलीही, आणि त्याच महिन्यात सरकारनं त्यांना पुन्हा शंभर मिलिलिटरवर आणलं. युरोपीय संघानंही सप्टेंबर २०२४ मध्ये तेच केलं. वर्षभरात यंत्रांना टप्प्याटप्प्यानं पुन्हा मान्यता मिळू लागली, एडिंबरानं २०२५ मध्ये दोन लिटरची मर्यादा जाहीर केली. तोवर एका विमानतळावरून शाम्पूची मोठी बाटली घेऊन निघालेला माणूस परतीच्या विमानतळावर ती कचऱ्यात टाकत होता. बाटली तीच, शाम्पू तोच.

त्यात मराठी डब्यांची भर पडते. लोणचं हे द्रव की घन? भारतीय यादीत मिरचीचं लोणचं सोडून बाकी लोणची हातातल्या बॅगेत चालतात. मिरचीवरचा राग बहुधा तिखट डोळ्यांत फेकण्याच्या भीतीतून आला असावा. मग लसणाच्या कोरड्या चटणीचं काय, हे तपासणाऱ्याच्या मर्जीवर. अमेरिकेकडे निघालं की तिसराच नियम. जून २०१८ पासून तिथे हातातल्या बॅगेत साडेतीनशे मिलिलिटरहून जास्त पूड असेल तर ती वेगळी तपासली जाते आणि शंका फिटली नाही तर आत सोडत नाहीत. मेतकूट, भाजणी, सातूचं पीठ ही सगळी पूडच.

लायटरची गोष्ट याहून सरळ आणि म्हणून जास्त बोचणारी. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रवासी एक लायटर किंवा सुरक्षित काड्यांची एक पेटी अंगावर बाळगू शकतो, फक्त बॅगेत टाकायची नाही. अमेरिकेनं एप्रिल २००५ मध्ये लायटर केबिनमधून हद्दपार केले आणि ऑगस्ट २००७ मध्ये परत येऊ दिले, कारण रोज हजारो लायटर गोळा करण्यात तपासनीसांचा वेळ जात होता आणि खरी शोधायची वस्तू राहून जात होती. भारतात मात्र लायटर ना खिशात, ना बॅगेत. कुठल्याही भारतीय विमानतळाच्या तपासणीपाशी उभं राहून पाहावं: पारदर्शक खोका, त्यात रंगीत प्लास्टिकचे शेकडो लायटर, मधूनच एखादा नक्षीकाम केलेला जडशीळ धातूचा, कुणीतरी भेट दिलेला असणार. त्याचा मालक क्षणभर खोक्याकडे बघत थांबतो, मागचा माणूस ट्रे पुढे ढकलतो, आणि तो पट्टा बांधत निघून जातो. पावती नाही, परत मिळण्याची सोय नाही.

सुरीच्या बाबतीत प्रत्येक देशाची फूटपट्टी वेगळी. युरोपीय संघात सहा सेंटिमीटरपर्यंतचं पातं चालतं. कॅनडानं २०१७ मध्ये तेच माप स्वीकारलं, पण अमेरिकेच्या विमानांसाठी नाही. कारण अमेरिकेनं २०१३ मध्ये जवळपास तेवढ्याच लहान चाकूंना परवानगी द्यायचं जाहीर करून विमान कर्मचाऱ्यांच्या विरोधापुढे माघार घेतली होती. भारतात सुरीला थारा नाही, पण मार्च २०२२ च्या आदेशानुसार शीख प्रवाशाला देशांतर्गत विमानात कृपाण नेता येतं. पातं सहा इंचांपर्यंत, एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत. घटनेनं दिलेल्या हक्काचा तो मान आहे. पण म्हणजे माणसावर विश्वास टाकून नियम वाकवता येतो, हेही इथे दिसतं. शेजारच्या रांगेत एखाद्या आजीबाईंच्या पर्समधली सुपारी कातरायची अडकित्ती काढून घेतली जात असते, तेव्हा त्यांना हे कोण समजावणार?

सगळ्यात मोठा गोंधळ आज पॉवरबँकचा आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

लिथियमची बॅटरी बिघडली की आतल्या आत तापत जाते, एक घट पेटला की शेजारचा पेटतो, आणि ती स्वतःच धग निर्माण करत राहते. विमानाच्या पोटात आग विझवण्यासाठी जो वायू सोडतात, तो ज्वाळा दाबतो, पण ही धग थांबवू शकत नाही. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईहून निघालेलं एक मालवाहू विमान अशाच बॅटऱ्यांच्या मालाला लागलेल्या आगीत कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. केबिनमध्ये मात्र धूर दिसतो, कर्मचारी धावतात, पाणी ओतून बॅटरी थंड करता येते. म्हणून सुट्या बॅटऱ्या खाली नेऊच नयेत, हा नियम जगभर एक आहे. शंभर वॉट-अवरपर्यंत मोकळीक, शंभर ते एकशेसाठपर्यंत कंपनीची परवानगी, त्यापुढे बंदी. इथपर्यंत सगळे एकमतानं चालतात.

पण पॉवरबँकवर वॉट-अवर ठळक लिहिलेले नसतात. दुकानदार विकतो एमएएचमध्ये: दहा हजार, वीस हजार. हिशेब असा की एमएएचला हजारानं भागायचं आणि ३.७ नं गुणायचं. वीस हजारांचे झाले ७४ वॉट-अवर आणि सत्तावीस हजारांचे ९९.९. म्हणून बाजारात सत्तावीस हजारांच्या आसपास मोठे पॉवरबँक अडकतात, तो योगायोग नाही. तपासणीच्या टेबलावर जवान तो वीटभर डबा उलटा करतो, मागचा बारीक छाप मोबाइलच्या उजेडात वाचतो, अक्षरं खिशातल्या किल्ल्यांनी घासून गेलेली असली की मान हलवतो.

२८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेल्या एअर बुसानच्या विमानात डोक्यावरच्या कप्प्यात आग लागली. माणसं वाचली, विमान जळालं. तपासात बोट पॉवरबँककडे गेलं. आणि तिथून एकमत फुटलं. कोरियानं मार्चपासून पॉवरबँक वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी केली, पण शंभर वॉट-अवरखालचे पाचपर्यंत चालतील म्हटलं. सिंगापूर एअरलाइन्सनं एप्रिलपासून विमानात पॉवरबँक वापरणंच बंद केलं. अमेरिकेच्या साउथवेस्ट कंपनीनं मे महिन्यात उलट सांगितलं: वापरा, पण बॅगेत दडवून नको, डोळ्यांसमोर ठेवून वापरा. चीननं जून अखेरीस देशांतर्गत विमानांत आपल्या ‘३ सी’ प्रमाणपत्राची खूण नसलेले सगळे पॉवरबँक अडवायला सुरुवात केली. एमिरेट्सनं ऑक्टोबरपासून माणशी एकच, तोही न वापरण्याच्या अटीवर. त्याच महिन्यात दिल्लीत दिमापूरला निघालेल्या इंडिगोच्या विमानात, धावपट्टीकडे जाताना, प्रवाशाच्या पॉवरबँकनं पेट घेतला. कर्मचाऱ्यांनी तो लगेच विझवला. २०२६ च्या सुरुवातीला भारतातही विमानात पॉवरबँकवर फोन चार्ज करायला मनाई असल्याचं जाहीर झालं.

यातला एकही नियम मूर्खपणाचा नाही. प्रत्येकाला आपापलं कारण आहे. पण मुंबईहून दुबईमार्गे सेऊलला आणि तिथून शांघायला जाणाऱ्या माणसानं काय करायचं? त्याला प्रत्येक टप्प्यावर वेगळा शहाणपणा शिकावा लागतो आणि चूक झाली तर किंमत त्याच्याच खिशातून जाते. कंपन्यांनाही आपले नियम नेहमी नीट कळतात असं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये लुफ्तान्सानं बॅग शोधायला लावलेले एअरटॅग चेक-इन सामानात बंद असल्याचं सांगितलं आणि काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला. कंपनीला जे समजायला काही दिवस लागले, ते प्रवाशानं एका वाचनात समजून घ्यावं अशी अपेक्षा असते.

एकाच वस्तूवर किती जण हुकूम चालवतात, हेही बघावं. मॉन्ट्रियलमधली आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटना तांत्रिक सूचना काढते. त्यांवर आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेचं जाडजूड पुस्तक दरवर्षी निघतं. भारतात आगीच्या धोक्याचं बघतं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, आणि हल्ल्याच्या धोक्याचं बीसीएएस. त्यावर कंपनीची स्वतःची यादी, जी मूळ नियमापेक्षा कडक असू शकते, सैल नाही. मग एक्स-रेपुढचा माणूस. अमेरिकेची विमानतळांवर तपासणी करणारी संस्था टीएसए तर आपल्या यादीखाली स्पष्ट लिहिते की अंतिम निर्णय तपासणीवरच्या अधिकाऱ्याचा.

आणि हे सगळं पार पडल्यावर उतरल्या देशाचा कायदा उभाच असतो, ज्याचा विमान कंपनीशी संबंध नाही. अनारशांवर लावायची खसखस भारतातल्या तपासणीत कुणी अडवत नाही, पण संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते आणि तिच्यापायी माणसं तुरुंगात गेली आहेत. उलट दिशेचंही उदाहरण आहे. डोंगरात फिरणारे परदेशी लोक जीव वाचवायला उपग्रहाशी जोडणारं छोटं संदेशयंत्र बाळगतात. भारतात ते विनापरवाना बाळगणं १९३३ च्या बिनतारी यंत्रांच्या कायद्यानं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन महिलेला त्यावरून ताब्यात घेतलं, आणि ते यंत्र तिनं स्वतःच तपासणीच्या ट्रेमध्ये काढून ठेवलं होतं. ई-सिगारेटही तशीच. जग म्हणतं हातातल्या बॅगेत ठेवा, भारतात २०१९ च्या कायद्यानं ती आणणंच बेकायदा.

जगभर एकच यादी होईल, ही आशा भाबडी आहे. प्रत्येक देशाची भीती वेगळी आणि ती राहणार. पण भारतातल्या भारतात काही गोष्टी फार खर्च न करता होऊ शकतात. तिकीट काढताना टिंबाएवढ्या सतरा चित्रांची चौकट दाखवून ‘मला मान्य आहे’वर बोट ठेवायला लावण्याऐवजी, मराठीत, तमिळमध्ये, हिंदीत, वस्तू आणि तिचं एका ओळीचं कारण असं सांगता येईल. डीजीसीए आणि बीसीएएसची मिळून एकच यादी असावी आणि सगळ्या कंपन्यांनी तीच छापावी. काढून घेतलेल्या वस्तूची पावती मिळावी आणि पैसे भरून ती घरी टपालानं पाठवायची खिडकी तपासणीच्या अलीकडे असावी. आणि खोबरं, कापूर यांसारख्या घरगुती वस्तूंना टनांचा नियम न लावता ग्रॅमांची मर्यादा घालता येते का, हे एकदा तज्ज्ञांनी बसून ठरवावं. इरुमुडीसाठी जमलं ते ओटीच्या नारळासाठी का जमू नये?

तोवर प्रवाशानं एवढं करावं. ज्या कंपनीच्या विमानात बसायचं आहे, तिचं स्वतःचं पान निघण्याच्या आदल्या दिवशी पाहावं, मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नये. वाटेत विमान बदलत असेल तर प्रत्येक कंपनीचं पाहावं. खोबरं तिकडच्या भारतीय दुकानात मिळतं, ते तिथेच घ्यावं. आणि घरातला पॉवरबँक उलटा करून पाहावा: मागचा आकडा पुसला असेल, तर तो घरीच ठेवावा.